वीस वेळा वाजलं पाहिजे

नानांच्या दुकानात एक कायदा होता. गाडी कुणाचीही असो, गिऱ्हाईक कितीही घाईत असो, नानांनी ‘वाजलं!’ म्हटल्याशिवाय बोनेट खाली यायचं नाही. नाना म्हणजे गाड्यांच्या वायरिंगचे जुने कारागीर, आणि वाजायचं ते रिलेनं, दिव्याची वीज जोडणाऱ्या छोट्या डबीनं. एका रिलेनं वीस वेळा. एकोणीस वेळा वाजून विसाव्या वेळी जो गप्प बसला, तो रिले नाना सरळ भंगाराच्या डब्यात फेकत. “विसात एकोणीस म्हणजे शाळेत पहिला नंबर की हो,” असं एकदा एक गिऱ्हाईक कुरकुरलं होतं. “शाळेत असेल,” नाना म्हणाले, “पण ती विसावी वेळ नेमकी वळणावर येते.”

मोजताना ते डोळे मिटून घेत. तेवढ्यात कुणी गाडीचा इंडिकेटर चालू ठेवला असेल तर त्याची खैर नसे. “ती टिकटिक आधी बंद करा!” असा आवाज निघे, की समोरच्या पिठाच्या गिरणीतलं माणूसही दचकून हात मागं घेई. आणि शेवटचं ‘वाजलं’ म्हणायचा मान फक्त नानांचा. बावीस वर्षं त्यांच्या हाताखाली काम करूनही सूनबाईला तो मिळाला नव्हता.

सूनबाई ही त्यांची खरोखरचीच सून. पण नाना दिवसभर त्याच नावानं हाका मारत, म्हणून साऱ्या रस्त्यानं ते उचललं. दाढी पिकलेले ट्रकवालेसुद्धा खिडकीतून डोकं काढून ‘सूनबाई, हॉर्न बसलाय बघा’ म्हणायचे, जणू अख्ख्या हमरस्त्याची ती सून. सुरुवातीला शेजारचा पंक्चरवाला म्हणायचाही, कानामागून आली आणि तिखट झाली. पुढे त्याच्याच टेम्पोचे दिवे तिनं अर्ध्या तासात लावून दिले, तेव्हा कुठे त्याचा सूर जरा गोड झाला.

त्या शनिवारी मात्र सूनबाई सकाळपासून नानांची नजर चुकवत होती. दुकान बंद व्हायच्या आत तिला नानांना सांगायचं होतं, की सोमवारपासून तुम्ही कामाला हात लावायचा नाही.

हे ठरवलं होतं तिच्या नवऱ्यानं. तो कचेरीत नोकरी करणारा माणूस, बापाच्या दुकानात त्यानं कधी पाऊल घातलं तर ते आपल्या स्कूटरपुरतं. पण गोष्टच तशी घडली होती. मागच्या आठवड्यात पाववाल्याच्या व्हॅनचं काम नानांनी केलं, वीस मोजले, ‘वाजलं’ म्हणाले, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे उतारावर तिचे दोन्ही दिवे एकदम गेले. व्हॅन रस्ता सोडून चरात. पाववाल्याच्या जिवावर बेतलेलं मनगटावर निभावलं. काढून बघितलं, तर रिले अधूनमधून मुका. नानांसारख्या माणसानं असा रिले पास करावा, हे कुणालाच पटेना. नानांना तर मुळीच नाही. “मी मोजले होते,” एवढंच ते म्हणत राहिले.

“वय झालं त्यांचं, लक्ष राहत नाही,” नवरा म्हणाला. “उद्या कुणी जिवानिशी गेलं म्हणजे?”

“मग तुम्हीच सांगा त्यांना,” सूनबाई म्हणाली.

“तू सांग. तुझं बोलणं त्यांना लागत नाही.”

म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची हे ठरलं, आणि बांधायला हात सूनबाईचा. बापलेकांचं कायमच असं. सासूबाई होत्या तोवर त्या मधे असायच्या. लेकाचं गाऱ्हाणं बापापर्यंत पोचवताना त्या त्यातली धार काढून टाकत आणि उलट येताना थोडी माया मिसळत. त्या गेल्याला दोन वर्षं झाली. घरात आता तिघं जेवत होती आणि भांड्यांचाच काय तो आवाज व्हायचा.

सकाळपासून सूनबाई ताकाला जाऊन भांडं लपवत होती. एकदा बॅटरीचा चार्जर लावता लावता पाठमोरीच म्हणाली, “नाना, आता थोडी विश्रांती घ्यावी माणसानं.” मागून उत्तर नाही. वळून बघते तर नाना शांतपणे वायर सोलत बसलेले. पुन्हा तासाभरानं, फळीवरचे फ्यूज निवडता निवडता, तिनं मान खाली घालून विषय काढला. पुन्हा तेच. ऐकून न ऐकल्यासारखं करतात झालं, असं वाटून तिला रागही आला आणि जरा सुटल्यासारखंही वाटलं.

दुपार कलताना हेडबाईंची गाडी दारात लागली.

हेडबाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी सगळं जग त्यांना अजून वर्गासारखंच दिसे. गाडी तीच, सायीच्या रंगाची, पुढचा बंपर जरा वाकडा.

“मोठा झोत लागत नाही,” उतरताउतरताच त्यांनी तक्रार सुरू केली. “म्हणजे लागतो, आणि मनात आलं की लागत नाही. मला काही नाही, मी अंधार पडायच्या आत घरी. पण उद्या गाडी भाचीला देतेय. लांब घाटातनं जायचंय तिला. आज नीट करून हवी.”

गाडी बघून नानांचा चेहरा उजळला. सूनबाईनंही बोनेटवर तळहात टेकवला. ह्याच गाडीवर ती काम शिकली होती.

बावीस वर्षांपूर्वी ती नवी नवरी होती आणि दुपारचा डबा घेऊन दुकानात यायची. त्या दिवशी नाना ह्याच गाडीच्या डॅशबोर्डात डोकं खुपसून बसलेले. दिव्यांचा खटका त्यांनी बाहेर काढला होता. त्याचं प्लास्टिक वितळून गुळाच्या खड्यासारखं झालेलं. हातात धरायला गेली तर चटका बसला.

“हे का झालं सांग,” नाना म्हणाले. तिला काय कळणार? तेव्हा नानांनीच सांगितलं. दिव्याला लागणारी सगळी वीज बॅटरीतून निघते, एवढा वळसा घालून ह्या एवढ्याशा खटक्यातून जाते आणि मग परत पुढे दिव्याकडे. वाटेत निम्मी दमते, म्हणून दिवे पिवळे. आणि ओझं सोसवत नाही, म्हणून खटका जळतो.

“मुकादम कधी गोणी उचलताना बघितलास?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“तो नुसता हात वर करतो. गोणी हमाल उचलतो. इथं आपण मुकादमाच्याच पाठीवर गोणी दिलीय. आता ह्याला एक हमाल आणून देऊ.”

असं म्हणून त्यांनी काड्यापेटीहून लहान, काळी चौकोनी डबी तिच्या तळहातावर ठेवली. खाली चार पाय. वरचं टोपण काढून आतलं दाखवलं. तांब्याच्या बारीक तारेचं गुंडाळं, त्याच्या डोक्यावर लोखंडाची पट्टी, पट्टीला स्प्रिंग. खटका दाबला की बारीकशी वीज गुंडाळ्यात जाते, गुंडाळ्याचं लोहचुंबक होतं, ते पट्टी ओढून घेतं, पट्टी खालच्या ठिपक्याला टेकते आणि बॅटरीतली मोठी वीज जवळच्या वाटेनं थेट दिव्याला. खटका सोडला की चुंबक मेलं, स्प्रिंगनं पट्टी मागं घेतली, दिवा बंद. पायांवर बारीक आकडे कोरलेले. “पंच्याऐंशी-शहाऐंशी हुकूम घेतात, तीस बॅटरीकडून आणतो, सत्त्याऐंशी दिव्याला देतो,” नाना म्हणाले. तिला ते पाढ्यासारखं पाठ झालं, आजही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल.

मग त्यांनी तिला गाडीत बसवून खटका दाबायला लावला. दाबला तशी ती म्हणाली, “काहीतरी वाजलं.”

बोनेटमागून नानांचं डोकं वर आलं. “काय वाजलं?”

“टक्. डावीकडून. आणि सोडल्यावर परत, पण जरा हलकं.”

नानांनी तिच्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. “उद्यापासून डबा सकाळीच घेऊन ये,” ते म्हणाले. “संध्याकाळपर्यंत थांबायचं आहे.” घरी सासूबाईंनी कपाळावर हात मारला. “सून आणली घरात आणि गेली गॅरेजात!” पण दुसऱ्या दिवशी डब्यात पोळ्या तीनच्या पाच झाल्या होत्या.

त्या संध्याकाळी दोघांनी ही गाडी समोरच्या गिरणीच्या भिंतीपुढे उभी केली होती. पांढरेशुभ्र दोन गोल भिंतीवर पडले. नानांनी खडूनं त्यांच्या मधोमध रेघ ओढली, पुढच्या प्रत्येक गाडीचा झोत त्या रेघेला लावायचा म्हणून. गिरणीवाला दर दोन वर्षांनी भिंत रंगवे आणि नाना रेघ पुन्हा ओढत. रेघ अजून होती. ती बघितली की सूनबाईला वाटे, ते दिवस कुठे गेले नाहीत, इथंच भिंतीत मुरलेत.

“बस आत,” नाना आता म्हणाले. “हाय आणि लो, दोन्ही वीस-वीस.”

सूनबाई गाडीत बसली. सीटचा तोच वास, उन्हात तापलेल्या रेग्झिनचा. चावी फिरवली. पुढं नाना पत्र्याच्या पट्टीवर वाकले. त्या पट्टीवर त्यांनीच ओळीनं बसवलेले दोन रिले होते, लो म्हणजे छोट्या झोताचा आणि हाय म्हणजे मोठ्याचा, आणि शेजारी इंडिकेटरची टिकटिक करणारी डबी, फ्लॅशर. लो वीस वेळा वाजला.

“हाय!” नाना ओरडले.

मोठा झोत लावणाऱ्या डिपरच्या दांडीकडे हात नेताना सूनबाईचं कोपर इंडिकेटरच्या काडीला लागलं. फ्लॅशर सुरू झाला. टिक्, टिक्, टिक्. आता नाना ओरडणार म्हणून ती घाईनं काडी वर करायला गेली, तोच पुढून आवाज आला.

“एक. दोन. तीन. चार.”

तिचा हात हवेतच राहिला. डिपरला तिनं बोटही लावलं नव्हतं.

“नऊ. दहा. अकरा.”

बोनेट आणि काचेच्या मधल्या फटीतून तिला नाना दिसत होते. डोळे मिटलेले. मान एका बाजूला कललेली, आयुष्यभर कलायची तशीच. पण उजव्या हाताचं पहिलं बोट हायच्या रिलेवर टेकलेलं. नाना बोटानं मोजत होते. फ्लॅशरची थरथर पत्र्याच्या पट्टीतून शेजारच्या रिलेत उतरत होती आणि नाना तीच मोजत होते.

“एकोणीस. वीस. रिलेला काही झालेलं नाही. होल्डर उघडतो.”

सूनबाईनं इंडिकेटर बंद केला. डिपर ओढला. शांतता. पुन्हा ओढला. शांतता. तिसऱ्यांदा कुठं एक क्षीण टक् आलं. हायचा रिले मेल्यात जमा होता आणि नानांना त्यातलं काहीही ऐकू आलेलं नव्हतं.

मग तिला व्हॅन आठवली. त्या दिवशी व्हॅन अर्धी रस्त्यावर उभी होती, म्हणून पाववाल्यानं चारी इंडिकेटर लावून ठेवले होते. ती पलीकडे ट्रॅक्टरचं काम करत होती आणि तिच्या मनात आलंही होतं, आज नाना टिकटिकीवर कसे काय खेकसले नाहीत? तिला वाटलं होतं, म्हातारपणी माणूस निवळतो.

ती खाली उतरली. हेडबाई स्टुलावर ताठ बसून सगळं बघत होत्या.

“बाई, अर्धा तास लागेल. समोर चहा चांगला मिळतो,” ती म्हणाली.

हेडबाईंनी तिच्याकडे बघितलं, नानांकडे बघितलं. चाळीस वर्षं वर्गावर काढलेल्या बाई त्या. काही न विचारता त्यांनी पर्स उचलली.

नानांनी एव्हाना दिव्याचा होल्डर उघडायला घेतला होता. सूनबाईनं टायरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा शोधला, कात्रीनं त्याच्या नाण्याएवढ्या चकत्या कापल्या. मग पट्टीवरचा एकेक स्क्रू सोडवून प्रत्येक डबीच्या खाली-वर रबर घालून ती पुन्हा आवळायला लागली. दोन रिले आणि तिसरा फ्लॅशर.

“हे काय करतेस?” नानांचा आवाज नको तेवढा मोठा होता. गेली दोन वर्षं तो असाच मोठा होता आणि घरात सगळ्यांना वाटे, चिडकेपणा वाढलाय.

तिनं वर बघितलं. ते तिच्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडे बघत होते.

“रबर लावतेय,” ती सावकाश म्हणाली. “एकाची थरथर दुसऱ्यात जाऊ नये म्हणून.”

नाना त्या तीन डब्यांकडे बघत राहिले. आयुष्य वायरीत गेलेला माणूस, त्याला एक टोक दिसलं की दुसरं सापडतंच. त्यांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर हळूहळू खाली आला.

“पाववाल्याची टिकटिक चालू होती?” त्यांनी विचारलं.

तिनं होकाराची मान हलवली.

नाना स्टुलावर बसले. बराच वेळ हाताला लागलेलं काळं फडक्यानं पुसत राहिले, काळं निघून गेल्यावरही पुसत राहिले.

“माणूस मेला असता माझ्या बोटानं,” ते म्हणाले.

“नाना, सांगायचं होतं हो आम्हाला!”

“काय सांगणार? मलाच उशिरा कळलं. तुझी सासू गेली, त्यानंतर घरात बोलतंय कोण? ऐकू येत नाही की कुणी बोलतच नाही, हेच मला समजेना. इथं आलो तेव्हा कळलं. रिले गप्प झालेले. एक नाही, सगळे. सगळे रिले एकदम कसे बिघडतील? मग म्हटलं, आपणच बिघडलो.”

सूनबाईचे डोळे भरून आले आणि तिनं ते लपवले नाहीत.

“मला घरी बसवायचं ठरलंय ना?” नाना म्हणाले.

ती चमकली. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कान गेलेत, डोळे आहेत की. समोर बघून बोललीस तर मला तुझं सगळं कळतं. गेले चार दिवस तू माझ्याकडे बघून बोलतच नाहीस. जिला तोंड चुकवावं लागतं, तिच्या पोटात काय असणार?”

सकाळपासूनचं तिचं सगळं बोलणं भिंतीला गेलं होतं तर. तिला हसू आणि रडू एकदमच आलं. मग तिनं स्टूल ओढून त्यांच्या समोर मांडलं, तोंडासमोर तोंड येईल असं बसली आणि म्हणाली, “हो. सोमवारपासून तुम्ही हात लावायचा नाही, असं मला सांगायचं होतं. आता मी ते सांगणार नाही. पण मोजायचं तुम्ही नाही, नाना. रबर लावलं तरी नाही.”

नाना उठले. फळीवरचा नवा रिले काढून त्यांनी त्याचे चार पाय बोटांनी चाचपले, पुटपुटले, “पंच्याऐंशी, शहाऐंशी, तीस, सत्त्याऐंशी,” आणि एकही वायर न चुकता तो जागेवर बसवला. हात अजून तसेच होते, घाई नसलेले. मग ते बोनेटला वळसा घालून गेले, गाडीचं दार उघडलं आणि आत बसले, जिथं बावीस वर्षं सूनबाई बसत आली होती.

“हात दाखव म्हणजे ओढतो,” ते आतून ओरडले.

सूनबाई पट्टीवर वाकली. तिनंही नकळत डोळे मिटले. उजवा हात बोनेटच्या कडेबाहेर काढला. हात वर केला की आत डिपर ओढला जाई आणि इथं टक्. खाली केला की हलकं टक्. ती मनात मोजत होती. मोजणी आठावर आली तेव्हा स्कूटर थांबल्याचा आवाज आला. नवरा लवकर आला होता. बाप गाडीत आणि बायको बोनेटपाशी बघून तो हेल्मेट हातात घेऊन तसाच उभा राहिला. हेडबाईही चहा आटोपून परतल्या होत्या. उतरत्या उन्हात सावलीत गेलेल्या गिरणीच्या भिंतीवर दोन पांढरे गोल रेघेवर उमटत होते आणि जात होते.

सतरा. अठरा. एकोणीस. वीस.

तिनं हात खाली घेतला. नाना उतरून पुढे आले आणि बोनेटला हात लावून थांबले. एरवी ह्या जागी त्यांचा तो आवाज निघायचा. आता ते तिच्या ओठांकडे बघत होते. त्यांना काय हवंय ते तिला कळलं, पण जीभ वळेना. तो शब्द त्यांचा होता.

“पोरी,” नाना म्हणाले, “बोनेट जड आहे. किती वेळ धरू?”

“वाजलं,” ती पुटपुटली.

नानांना ते कळलं. त्यांनी मान डोलावलीही. पण बोनेट सोडलं नाही.

“असं नाही, मोठ्यानं म्हण,” ते म्हणाले. “मला कळलं गं. रस्त्याला कळू दे.”

“वाजलं!” सूनबाई ओरडली. गिरणीतलं माणूस दचकून दारात आलं, आणि नानांनी बोनेट खाली सोडलं.